कोकणात सायकल टूर बुक करताय? आधी हे वाचा

ज्या जाहिरातीला भुलून आमचे पैसे बुडाले तीच परवा परत दिसली म्हणून लिहितोय. फोटो तोच, फक्त रूट बदललाय, आता मालवण ते वेंगुर्ला. आमच्या वेळी मांडवा ते हर्णै होतं, ४ दिवस, माणशी ९,५०० रुपये, मागे बॅकअप गाडी, राहणं-जेवण सगळं त्यात आणि वर "सपाट किनारी रस्ता". खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, कारण कोकणात एक खाडी ओलांडली की चढ आणि चढ संपला की उतरून पुढची खाडी, सपाट कुठलं आलंय! पण आम्ही तिघं ठाण्याचे, फोटो बघूनच पागल.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर चौदा जण होते, "सर हेल्मेट मिळेल का" वगैरे रोज विचारायचे. प्रत्यक्ष मांडव्याला उतरलो तर आम्ही तिघंच. बाकीचे "मागून येतायत" म्हणे. अॅडव्हान्स ४,००० प्रत्येकी आधीच गेलेले, तेही एका माणसाच्या पर्सनल खात्यावर.

पहिला दिवस मात्र मस्त गेला, त्यामुळेच फसलो. गाडी खरंच होती, ड्रायव्हर भला माणूस. रेवदंड्याच्या तटबंदीतून गेलो, पोर्तुगीजांनी ते १७४० मध्ये सोडलं, पण पलीकडे कोर्लईत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, एक आजोबा बोलून दाखवत होते. काशीदच्या चढाला दम निघाला. संध्याकाळी मुरूडहून जंजिरा बघतोय तेवढ्यात आयोजकाचा फोन, उद्याचे होमस्टेवाले फुल पेमेंट मागतायत, उरलेले ५,५०० आत्ताच टाका. टाकले, तिघांनीही!

सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटने दिघीला उतरलो, बॅगा गाडीत, गाडी पुढच्या फेरीने येणार होती. ती आलीच नाही. तासाभराने ड्रायव्हरचाच फोन, "दादा, मला पण डिझेलचे पैसे दिले नाहीत, तो फोन उचलत नाय, मी मुरूडलाच हाय." त्याला आम्ही १,५०० देऊन बॅगा मागवल्या, त्याचा काय दोष.

मग रूटची पीडीएफ नीट उघडली. तिसऱ्या दिवशी लिहिलेलं, हरिहरेश्वरहून "पूल ओलांडून" वेळास. अहो, तिथे बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटने जातात! म्हणजे हा माणूस त्या रस्त्याने कधी गेलाच नव्हता. दिवेआगरवरून श्रीवर्धन, तिथून हरिहरेश्वर गाठलं तर होमस्टेच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे या नावाचं बुकिंगच नाही. आमची तोंडं बघून जेवायला मात्र घातलं. पुढचा बेत तिथेच सोडला.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन दुसऱ्या दिवशी केला, ही आमची अजून एक चूक. लगेच केला तर पैसे पुढे सरकायच्या आत थांबवता येतात, ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा. बुकिंग करणार असाल तर होमस्टेचा नंबर स्वतः शोधून त्यांनाच विचारा की आमच्या नावाने खोली ठेवलीय का, आणि आयोजकाला विचारा की वाटेत फेरीबोट कुठे कुठे लागते, पहिली बोट किती वाजता. जो खरंच गेलाय तो पटापट सांगतो. तक्रार नोंदवलीय, आमच्या २८,५०० पैकी अजून एक रुपया आलेला नाही.