फायब्रोमायल्जिया आणि सप्लिमेंटच्या डब्या: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते. फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर ठणकत राहण्याच्या आजाराचं, दुखणं गेलेलं नाही. झोप बरीच सुधारली, पोटऱ्यांत येणारे गोळे जवळजवळ थांबले. आणलेल्या सगळ्या डब्यांपैकी आता दोनच गोष्टी चालू आहेत.

मी सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते. मान, खांदे, कंबर, मांड्या सगळीकडे ठणका, रात्रभर झोपूनही शीण, आणि बोलता बोलता साधा शब्द न आठवणं. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर या सूज आणि संधिवात बघणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. हा आजार रक्तात किंवा एक्स-रेत दिसतच नाही, त्यामुळे घरचे "रिपोर्ट तर चांगले आहेत की" म्हणायला मोकळे. संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी निदान केलं, डुलोक्सेटिन हे दुखण्यावरचं औषध दिलं आणि रोज चालायला लावलं. सप्लिमेंट त्यावरची जोड.

सगळ्यात मोठा फरक पडला तो ड जीवनसत्त्वाने. सोलापूरच्या उन्हात ड कमी कसं, असं मलाही वाटलं. पण ऊन टाळण्यातच आपला उन्हाळा जातो. स्कार्फ, सनकोट, आणि दिवसभर ऑफिसात. रक्ततपासणीत माझा आकडा ११ (नॅनोग्रॅम प्रति मिली) आला, २० च्या खाली म्हणजे कमतरता. आठवड्याला ६०,००० युनिटचं एक पाकीट, आठ आठवडे, दुधातून. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं, म्हणून रिकाम्या पोटी घ्यायचं नाही. दीडेक महिन्यात मांड्यांची ओढ कमी झाली, जिना चढताना कठड्याला धरावं लागेना. मात्र कमतरतेचं दुखणं कमी झालं की फायब्रोचं, हे मी ठरवू शकत नाही. आणि मनाने वर्षभर घेत बसायची ही गोष्ट नव्हे. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं.

दुसरं मॅग्नेशियम. आधी ऑक्साइड आणलं, स्वस्त म्हणून. पोट इतकं ढिलं झालं की कारखान्यात जायची पंचाईत. मग ग्लायसिनेट घेतलं, ते पोटाला सोसलं. डबीच्या पुढे ठळक १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं, पण तो ग्लायसिनेटचा आकडा. प्रत्यक्ष मॅग्नेशियम त्यात १४० मिग्रॅच्या आसपास. मागची बारीक अक्षरं वाचा. सासूबाई म्हणाल्या, "ज्वारीची भाकरी न् शेंगाचटणी खाणाऱ्याला ह्याची गोळी कशाला?" मुद्दा बिनतोड आहे, दोन्हीत मॅग्नेशियम भरपूर असतं. तरी रात्री जेवणानंतर घेतलं की मध्यरात्रीची जाग कमी झाली. एप्रिलमध्ये मुद्दाम बंद करून बघितलं तर गोळे परत आले. आता एप्रिलातला आपला घाम धरला तर हा काही पक्का पुरावा नाही, पण मी पुन्हा सुरू केलं. किडनीचा त्रास असेल तर हे विचारल्याशिवाय घेऊच नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. माझी थायरॉइडची सकाळी, ही रात्री, म्हणून जमलं.

को-एन्झाइम क्यू-टेन, पेशींना ऊर्जा तयार करायला मदत करणारं म्हणतात ते, पुण्याच्या जाऊबाईंच्या आग्रहावरून घेतलं. महाग, आणि मला काडीचा फरक नाही. कुणाला पडत असेल. दुसरी डबी आणली नाही.

सर्वांत महत्त्वाचं भाच्याच्या पार्सलबद्दल. त्याने झोपेसाठी म्हणून फाइव्ह-एचटीपी मागवून दिलं. सगळ्या डब्या पिशवीत घालून मॅडमना दाखवायची माझी सवय आहे. त्यांनी हीच नेमकी बाजूला काढली. डुलोक्सेटिन शरीरातल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतं, फाइव्ह-एचटीपीपासून सेरोटोनिन बनतं. दोन्ही मिळून ते प्रमाणाबाहेर गेलं तर कापरं, ताप, छातीत धडधड, प्रसंगी जिवावर बेततं. "नैसर्गिक" लिहिलेलं होतं त्यावर, मोठ्या हिरव्या अक्षरांत. सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीचंही तसंच, असं त्या म्हणाल्या.

ज्याला पैसे पडत नाहीत त्याचा फायदा मात्र सगळ्यांत टिकाऊ निघाला. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालते. सुरुवातीला दहा मिनिटांतच बसावं लागायचं आणि दुसऱ्या दिवशी अंग जास्तच ठणकायचं. मॅडम म्हणाल्या, वेळ कमी करा, बंद करू नका. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींतही या आजारात ठामपणे सुचवलेला उपचार एकच आहे, व्यायाम. सुचवलेले बाकीचे उपचार "चालेल" या गटातले. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीत मात्र तो रस्ता सोडून द्यावा लागतो, तेव्हा गच्चीवर फेऱ्या.

पुढच्या महिन्यात ड ची तपासणी परत आहे. आकडा ३० च्या वर आला तर पाकीट महिन्याला एकच, असं ठरलंय. मॅग्नेशियम चालूच राहील.