टीएमपीआरएसएस-२ आणि फ्युरिन : इन्फ्लुएन्झाला संसर्गक्षम करणारी दोन विकरे

पेशीतून बाहेर पडलेला इन्फ्लुएन्झाचा नवा विषाणूकण संसर्गक्षम असतोच असे नाही. त्याच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन अखंड रूपात तयार होते आणि यजमानाच्या, म्हणजे संसर्ग झालेल्या प्राण्याच्या, विकराने (एन्झाइमने) त्याचा छेद घेतल्याशिवाय विषाणूचे आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव होऊ शकत नाही. हा छेद घेणारे विकर विषाणूकडे स्वतःचे नसते.

हंगामी इन्फ्लुएन्झा विषाणूंच्या छेदस्थानी, म्हणजे हिमॅग्लुटिनिन जिथे कापले जाते तिथे, सहसा आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल असते. तेथे टीएमपीआरएसएस-२ सारखी ट्रिप्सिनसदृश (ट्रिप्सिन या पाचक विकरासारखी) विकरे काम करतात आणि ती मुख्यतः श्वसनमार्गासारख्या मोजक्या ठिकाणीच असल्यामुळे संसर्गही बहुधा तेवढ्यापुरता राहतो. या विकराचे जनुक काढलेल्या उंदरांत एच१एन१ हा इन्फ्लुएन्झाचा प्रकार फारसा पसरत नाही. एच३एन२ हा दुसरा प्रकार मात्र काही अंशी दुसऱ्या विकरांवर निभावून नेतो.

फ्युरिनचे प्रकरण अधिक गंभीर आहे. एच५ व एच७ गटांतील अतिघातक प्रकारांच्या छेदस्थानी आर्जिनिन व लायसिन या अमिनो आम्लांची सलग रांग असते. ती ओळखणारे फ्युरिन जवळपास सर्वच पेशींच्या गॉल्जी संकुलात (पेशीत प्रथिनांवर प्रक्रिया होते त्या भागात) असल्याने विषाणू बाहेर पडण्यापूर्वीच सज्ज होतो आणि कोंबड्यांच्या सर्व अवयवांत पोहोचतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांत आलेली साथ अशाच एच५एन१ची होती.

औषधासाठी मला टीएमपीआरएसएस-२ हेच अधिक योग्य लक्ष्य वाटते, कारण त्याच्याविना उंदीर निरोगी जगतात, तर फ्युरिनवर शरीरातील अनेक आवश्यक प्रथिनांची घडण अवलंबून असते.