कणा आहे की नाही, ठरवायचं कसं?

कासव आणि खेकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघांना वरून टणक कवच, त्यामुळे एकाच गटातले वाटले तर नवल नाही, पण खेकडा वाढताना जुनं कवच मागून उसवून अख्खाच्या अख्खा बाहेर येतो आणि नवीन कडक होईपर्यंत मऊ पडून राहतो, कासवाला हे जन्मात जमणार नाही कारण त्याच्या कवचात त्याच्याच बरगड्या आणि मणके जोडलेले असतात (कार्टूनमधलं कासव कवच काढून फिरतं ते साफ खोटं).

म्हणजे कवचावरून ठरत नाही. मग हाडांवरून? तिथेही गोची आहे. शार्कच्या अंगात हाड औषधालाही सापडत नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा (आपल्या कानाच्या पाळीत असतं तसलं लवचिक), तरी तो पृष्ठवंशीय, म्हणजे कणा असलेला, कारण मणके आहेत, कूर्चेचे का होईनात. उलट तारामाशाच्या कातडीखाली चुन्याच्या बारीक तुकड्यांचा सांगाडा असतो पण कणा नाही, मेंदूसुद्धा नाही. लाल रक्त बघून ठरवाल तर गांडूळ फसवेल, त्याच्याही रक्तात हिमोग्लोबिन असतं. आणि हुशारीचं तर बोलूच नका, ऑक्टोपस बरणीचं झाकण उघडतो आणि कणा शून्य.

मला विचाराल तर मुख्य मज्जारज्जू, म्हणजे अंगभर संदेश नेणारी मज्जातंतूंची दोरी, कुठून जातो ते आधी बघा. मासा, बेडूक, साप, पक्षी, आपण, सगळ्यांत तो पाठीकडून, आतड्याच्या वरून जातो आणि आतून पोकळ असतो. कोळंबी, झुरळ, गांडूळ यांच्यात तो पोटाकडून जातो. कोळंबीच्या पाठीत जो काळा दोरा दिसतो ना, त्याला बरेच जण नस म्हणतात, ते आतडं आहे, मज्जारज्जू खाली पोटाच्या बाजूला. हृदयाचंही तसंच उलटं, आपलं पुढे छातीत तर झुरळाचं पाठीलगत लांबलचक नळीसारखं.

फक्त एवढ्यावर थांबू नका, कारण अॅम्फिऑक्सस नावाचा वाळूत राहणारा छोटा प्राणी आहे, त्याचाही मज्जारज्जू पाठीकडूनच जातो, खाली आधाराला पृष्ठरज्जू नावाचा लवचिक दांडा आहे, पण कवटी नाही आणि मणकेही नाहीत, म्हणून तो बाहेर. तेव्हा पाठीतला मज्जारज्जू आणि कवटी दोन्ही असेल तरच आत घ्या.

हॅगफिश या ईलसारख्या लांबट, बिनजबड्याच्या प्राण्यावर मात्र शास्त्रज्ञच बरीच वर्षं भांडले, कवटी आहे पण मणके नुसते नावापुरते. आता डीएनएवरून त्याला लॅम्प्रेच्या, म्हणजे पृष्ठवंशीयच मानल्या जाणाऱ्या दुसऱ्या बिनजबड्याच्या माशाच्या, शेजारी बसवतात, त्यामुळे तुम्हीही त्याला बिनधास्त पृष्ठवंशीयांत धरा.