पाऊस, धरण आणि पेरा: सरकारी आकड्यांची खान्देशातून पारख

महारेन, हवामान विभागाची जिल्हावार पावसाची आकडेवारी, जलसंपदा विभागाचा रोजचा धरणसाठा, केंद्रीय जल आयोगाचं गुरुवारचं पत्रक आणि कृषी खात्याचा पेरणी अहवाल. पाचही सेवा फुकट आहेत, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही खेड्यात मोबाईलला रेंज असली की उघडतात. वापराव्यात का? जरूर, आणि जून ते सप्टेंबर रोज. पण आकडा कोणत्या तारखेचा, कशाशी ताडलेला आणि कोणत्या खोऱ्यातला, हे पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर बियाण्याची पिशवी फोडू नये.

पाचांत पहिला नंबर राज्य सरकारच्या महारेन या पावसाच्या संकेतस्थळाचा, कारण ते महसूल मंडळापर्यंत, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटापर्यंत उतरतं. तारीख, जिल्हा, तालुका निवडला की मंडळावार पाऊस समोर येतो. जुनी वर्षंही पाहता येतात. राज्यात महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं दोन हजारांहून जास्त मंडळांत उभी आहेत, त्यामुळे 'तालुक्यात समाधानकारक पाऊस' अशा मोघम बातमीवर थांबावं लागत नाही. खान्देशात याला फार किंमत आहे. सातपुड्याच्या पायथ्याला चिंब आणि दहा-बारा किलोमीटर खाली तापीकाठी कोरडं, असं आषाढात कितीदा तरी होतं.

वाचताना पहिली चूक होते ती तारखेची. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो, दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो आणि नोंद संपणाऱ्या तारखेवर पडते. ९ जुलैच्या रात्री कोसळलेला पाऊस १० जुलैच्या रकान्यात शोधायचा. यातून शेतकऱ्याची खरी अडचणही होते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की महसूल यंत्रणा अतिवृष्टी धरते. समजा, पहाटे सहाला लागलेला पाऊस अकरापर्यंत चालला. साडेआठच्या आधी ४० मिलिमीटर पडला आणि नंतर ४५. शेतात ८५ मिलिमीटरचं पाणी तुंबलं, कागदावर मात्र दोन वेगळ्या दिवशी ४० आणि ४५. अशा वेळी नुकसानीच्या अर्जाला दोन्ही दिवसांची नोंद जोडावी आणि पाऊस किती वाजता लागला, किती वाजता उघडला हे लिहून द्यावं. शब्दांचाही घोळ आहे. हवामान विभाग ६४.५ ते ११५.५ मिलिमीटरला 'जोरदार' म्हणतो, त्यापुढे २०४.४ पर्यंत 'अति जोरदार'. म्हणजे तिकडचा 'जोरदार' आणि तलाठ्याच्या कागदावरची 'अतिवृष्टी' हा बहुतेक वेळा एकच पाऊस असतो.

आता यंत्र. एका मंडळात अनेक गावं आणि त्यांच्यासाठी एक केंद्र. स्वयंचलित पर्जन्यमापकात वर नरसाळं असतं आणि खाली तराजूसारखी झुलणारी दोन खणांची वाटी. एक खण भरला की वाटी कलते, पाणी सांडतं, दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलण्याची एक नोंद. रिमझिम पावसात हे ठीक चालतं. ढगफुटीसारखा कोसळला तर वाटी कलताना मधल्या क्षणात पडणारं पाणी मोजलंच जात नाही, म्हणून मोठा पाऊस किंचित कमी दिसतो. त्याहून मोठा दोष नरसाळ्याचा. पालापाचोळा, पाखरांची घाण, कोळ्याचं जाळं, मे महिन्यातली धूळ यांनी भोक बुजतं. मग भर पावसात नोंद शून्य आणि पाऊस उघडल्यावर, निरभ्र आभाळाखाली, तासन्‌तास थेंब-थेंब नोंद पडत राहते. तासावार आकडे मिळाले आणि असा नमुना दिसला तर नरसाळं बुजलंय असं खुशाल समजावं. केंद्राभोवती झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवं. पाच मीटरचं कडुलिंब असेल तर दहा मीटर. वाऱ्यासोबत तिरपा येणारा पाऊस त्याहून जवळ असलेल्या झाडाला अडतो. केळीवाल्या गावांनी हे उन्हाळ्यातच पाहून घ्यावं. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान आणि वाऱ्याचा निकष केंद्राच्या नोंदीवरच लागतो. बागेत नुसते घड पडले, एवढं तिथे पुरत नाही.

पडताळ्यासाठी गावात एक साधं पर्जन्यमापक ठेवावं. विकतचं घेतलं तर उत्तम, नाहीतर १६ सेंटिमीटर व्यासाचं, सरळ काठाचं नरसाळं आणि खाली कॅन. या नरसाळ्याचं तोंड जवळपास २०० चौरस सेंटिमीटरचं, म्हणून २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. दवाखान्यातली मोठी सिरिंज मोजायला चालते. शीतपेयाची बाटली कापून करतात त्यात बुड वाकडं असतं, पहिले पाच-दहा मिलिमीटर चुकतात; तेवढा भाग आधी पाण्याने भरून तिथे शून्याची खूण करावी. काठ सपाट हवा, जागा मोकळी, वेळ साडेआठचीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे ४,००० लिटर पाणी. एखाद्या दिवशी गावात ३० आणि मंडळात १२ आले तर काही बिघडत नाही, पाऊस तसाच पडतो. पण महिनाभर मंडळाचा आकडा सतत एकाच बाजूला झुकलेला राहिला तर रोजची वही घेऊन तहसील आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी द्यावं. तोंडी सांगण्याचा उपयोग होत नाही.

हवामान विभागाची आकडेवारी देशाचं चित्र पाहायला उत्तम. हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर, देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त असला तर 'सर्वसाधारण'. उणे २० ते उणे ५९ म्हणजे 'तूट', त्याखाली 'मोठी तूट'. उणे १९ असलेला जिल्हा नकाशावर पावसाची कसर नसलेल्या जिल्ह्यासारखाच हिरवा दिसतो, हे लक्षात असू द्यावं. खान्देशासाठी यातला उपविभागाचा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. देशाचे ३६ हवामान उपविभाग केलेत आणि आपण मध्य महाराष्ट्रात येतो. त्याच उपविभागात कोल्हापूर, सातारा आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारं महाबळेश्वरही आहे. जळगावची हंगामी सरासरी साधारण ६३२ मिलिमीटर, धुळ्याची ५३५ च्या आसपास. घाटमाथ्यावर आठ दिवस कोसळला की 'मध्य महाराष्ट्रात सरासरीपेक्षा जास्त' अशी ओळ येते आणि शिंदखेड्यात कपाशी माना टाकत असते. नंदुरबारमध्ये तर जिल्ह्याचा आकडाही फसवतो: अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरातला पाऊस नंदुरबार आणि शहाद्याच्या सपाटीची तूट झाकतो.

एकूण बेरीज पावसातला खंड दाखवत नाही, हा या सगळ्या तक्त्यांचा दुबळेपणा. २०२३ साली देशात हंगामाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के पडला. ऐकायला फार वाईट नाही. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, ३६ टक्के तुटीचा, आणि फुलं-पात्या लागण्याच्या वेळेला कोरडवाहू कपाशीला जे सोसावं लागलं ते ९४ या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून टक्केवारीच्या शेजारी पावसाचे दिवस मोजावेत. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेला दिवस तेवढा पावसाचा.

धरणांच्या बाबतीत जलसंपदा विभागाची रोजची यादी चांगली आहे. धरणाचा उपयुक्त साठा, आजची टक्केवारी आणि गेल्या वर्षीची त्याच दिवसाची टक्केवारी शेजारी-शेजारी मिळते. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर असते, मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, सोडता न येणारं पाणी, त्यात धरलेला नसतो. आकडे कधी दलघमीत (दशलक्ष घनमीटर), कधी टीएमसीत (अब्ज घनफूट) येतात; १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. गिरणेचा उपयुक्त साठा ५२३.५५ दलघमी, म्हणजे साडेअठरा टीएमसी, आणि खाली तीन टीएमसी मृतसाठा. वाघूर २४८.५५ दलघमी, हतनूर २५५.

गिरणा धरण आहे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. तहान भागते मालेगावपासून जळगावपर्यंतच्या गावांची. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यात कितीही पाऊस झाला तरी त्याने गिरणा भरत नाही. तिला कळवण आणि सटाण्याच्या डोंगरातला पाऊस लागतो, आणि तोही आधी चणकापूर, पुनद, हरणबारी, केळझर ही वरची धरणं भरल्यावर. म्हणून जुलैत गिरणेची टक्केवारी रोज उघडून बसण्यापेक्षा या चारांची पाहावी. ती सांडव्यावरून वाहू लागली की मग विसर्गाचा हिशेब करता येतो: ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग २४ तास चालला की एक टीएमसी होतं. दोन दिवस सरासरी ६,००० क्युसेक येत राहिलं तर गिरणेत साधारण एक टीएमसी, म्हणजे साडेपाच टक्क्यांची भर. बातमीतला 'हजारो क्युसेक'चा आकडा असा ताडून पाहिला की घाईने रब्बीचे बेत आखले जात नाहीत.

हतनूरची गोष्ट उलटी. तापी आणि पूर्णेच्या संगमाखालचं हे ४१ दरवाजांचं धरण. पाणी बऱ्हाणपूर, चिखलदरा, अकोला या भागांतून येतं, आणि पूर्णा सोबत प्रचंड गाळ आणते. पावसाळ्याच्या पहिल्या अर्ध्यात पूर सुरक्षित जावा आणि गाळ वाहून जावा म्हणून दरवाजे उघडे ठेवून पातळी मुद्दाम खाली धरतात. तापीला पूर आणि हतनूर ३० टक्के, असं जुलैत दिसलं तर ती तूट नव्हे. या धरणाचा खरा साठा सप्टेंबरअखेर कळतो, आणि तेव्हाही गाळामुळे कागदावरच्या टक्क्यांपेक्षा प्रत्यक्षातलं पाणी कमी असू शकतं. जुन्या क्षमतेवर काढलेल्या टक्केवारीचा हा दोष गाळ साचलेल्या प्रत्येक धरणाला लागू आहे. सिंचनासाठी सगळ्यात महत्त्वाची तारीख १५ ऑक्टोबर: त्या दिवशीच्या साठ्यातून पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात. गहू की हरभरा, हे त्यानंतर ठरवावं.

केंद्रीय जल आयोगाचं पत्रक दर गुरुवारी येतं. देशातल्या दीडशेहून जास्त मोठ्या जलाशयांचा साठा, गेल्या वर्षीशी आणि दहा वर्षांच्या सरासरीशी ताडलेला. ही दहा वर्षांची सरासरी फार उपयोगी, कारण गेलं वर्षच दुष्काळी असेल तर त्याच्याशी तुलना करून काही कळत नाही. यात गिरणा आणि ऊर्ध्व तापी, म्हणजे हतनूर, दोन्ही आहेत. मात्र तापी खोऱ्याची एकत्रित टक्केवारी खान्देशने घेऊ नये. गुजरातमधलं उकाई एकटंच ६,६१५ दलघमीचं, गिरणेच्या साडेबारा पट. खोऱ्याचा आकडा म्हणजे जवळजवळ उकाईचाच आकडा.

पेरणी अहवाल पाचांत सगळ्यात कच्चा. देशपातळीवर दर आठवड्याला येणारा आकडा बाजाराला उपयोगी: तूर, उडीद, मका, कापूस यांचा पेरा कुठे वाढला, कुठे घटला. भावाचा अंदाज बांधायला तो जरूर पाहावा. पण त्यातली टक्केवारी मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी आहे की सर्वसाधारण, म्हणजे काही वर्षांच्या सरासरी क्षेत्राशी, हे तपासावं. मॉन्सून दहा दिवस उशिरा आला की पहिली तुलना भयंकर दिसते आणि महिनाभरात भरून निघते. खान्देशात आणखी एक गोष्ट: जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिसणारा पेरा बहुतांश ठिबकवरच्या पूर्वहंगामी कपाशीचा असतो. पाऊस नसतानाही टक्का वाढतो, आणि तो पाहून कोरडवाहू शेतकऱ्याने धूळपेरणीचा, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरण्याचा धोका घेऊ नये. कोरडवाहूला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वापसा (जमिनीत पेरणीजोगी ओल), हाच निकष. तो महारेनवर आपल्याच मंडळात पाहायचा. दुबार पेरणी अहवालात वेगळी दिसत नाही, क्षेत्र तेवढंच राहतं, खर्च दुप्पट होतो. रावेर-यावलची केळी तर या अहवालात येतच नाही, फळपिकांची मोजणी वेगळी.

हा अहवाल नजरअंदाजावर चालतो, म्हणून २०२१ पासूनची ई-पीक पाहणी महत्त्वाची. तिथे शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. रेंज नसली की लोक घरी येऊन फोटो चढवायला पाहतात आणि ठिकाण जुळत नाही म्हणून नोंद अडते. मोबाईलचं जीपीएस चालू करून दोन-तीन मिनिटं मोकळ्यात थांबावं, मगच कॅमेरा उघडावा. कपाशीत तूर किंवा मूग असेल तर मिश्र पीक निवडून दोन्हींचं क्षेत्र भरावं; नुसती कपाशी टाकली तर पुढे तुरीच्या हमीभाव खरेदीला सातबाऱ्यावर तूर सापडत नाही. नोंद जमा केली की त्याच दिवशी पुन्हा उघडून गट नंबर आणि क्षेत्र वाचावं, कारण दुरुस्तीची मुदत थोडी असते.