कॉर्डलेस ड्रिलवर मातीचा ऑगर: दोन हंगामांचा अनुभव आणि साइड हँडलची रड

ड्रिल चांगलं आहे, हे आधीच सांगतो. त्याला मी मातीचा ऑगर, म्हणजे जमिनीत भोक पाडणारं स्क्रूसारखं पातं, लावून वापरतो. मोटर, गिअर आणि बॅटरी यांनी दोन हंगाम काळ्या मातीत नि मुरमात काम काढलं, कुठं दगा दिला नाही. पण ज्या हँडलला धरून हे काम करायचं, ते ड्रिलच्या गळ्यावर आवळणारं प्लास्टिकचं कडं तुटलं, आणि सर्व्हिस सेंटरनं "हँडल ॲक्सेसरीत मोडतं, वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर केले. तेव्हापासून डोकं तापलंय. नवीन ड्रिल घेणाऱ्यानं पैसे मोजण्याआधी हँडलकडे बघावं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझं मॉडेल १८ व्होल्ट, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली मोटर), १३ मिमी चक (बिट पकडणारा जबडा), दोन गिअर, ६५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, सोबत ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. बाकी माहिती डब्यावर असतेच.

आमची द्राक्षबाग सांगली जिल्ह्यात, सावळजच्या बाजूला. नऊ बाय पाच फुटांची लागण, म्हणजे एकरी ९६८ वेली. जुन्या बागेत दरसाल काही वेली जातात आणि नांग्या, म्हणजे त्या रिकाम्या जागा, नव्या रोपांनी भराव्या लागतात. नव्या लागणीला ट्रॅक्टरचा पोस्ट होल डिगर भाड्यानं मिळतो, पण उभ्या बागेत तारांखाली तो घालणार कुठून? शेजारच्या नानांकडे पेट्रोलचा ऑगर आहे. एवढं जड मशीन तारांखाली वाकून धरायचं, तोंडाजवळ धूर, वर टू-स्ट्रोकचं ऑइल मापून मिसळायचं. आमच्या गड्यानं एक ओळ केली आणि म्हणाला, "मालक, यापरीस पहार बरी." शिवाय कडेच्या अर्ध्या एकरात ढबू मिरची असते. तिच्या बेडवर बांबू रोवायला भोकं लागतात, आणि पहारीनं ती पाडता पाडता माणसाचे खांदे जातात.

ड्रिलला ऑगर लावायचं माझ्या भाच्यानं सुचवलं. तो अमेरिकेत मिनेसोटात नोकरीला आहे. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात, लोक बर्फावर चालत जाऊन भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून मासे धरतात. माणसानं पायी जायला निदान चार इंच जाड, स्वच्छ बर्फ हवा, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. हे भोक पूर्वी हातानं फिरवायच्या ऑगरनं नाहीतर पेट्रोलच्या मशीननं पाडायचे. आता बरेच जण घरातलंच कॉर्डलेस ड्रिल सहा किंवा आठ इंची बर्फाच्या ऑगरला जोडतात. तो फोनवर म्हणाला, "मामा, एवढं बघून घ्या. ब्रशलेस मोटर, अर्ध्या इंचाचा चक, पहिल्या गिअरला दम, आणि साइड हँडल. इम्पॅक्ट ड्रायव्हर कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका." ते खरं आहे. इम्पॅक्ट ड्रायव्हर ठोके मारत स्क्रू पिळतो. ऑगरला एकसारखा, संथ जोर लागतो, आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरचा पाव इंची हेक्स (षटकोनी) दांडा त्या कामाचा नाही.

भाच्याची यादी इथं तंतोतंत लागू पडली, फक्त ऑगरचा आकार सोडून. बर्फ एकजिनसी असतो. पाती त्याचे पातळ काप काढत खाली जातात, म्हणून आठ इंची ऑगरही ड्रिल ओढून नेतं. आपल्याकडे वर चिकण माती, वीतभर खाली चुनखडी आणि मध्येच गोटा. तिथले आठ इंच बघून इथं आठ इंची मातीचा ऑगर घेऊ नका. व्यास दुप्पट झाला की उकरायची माती चौपट होते. मी बांबूसाठी ५० मिमीचा आणि खुंटाच्या (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात त्या) रोपासाठी १०० मिमीचा घेतला. १५० मिमीचा एकाकडून मागून आणला होता. काळ्या रानात वीतभर गेला आणि जास्त लोड आला म्हणून ड्रिल आपोआप बंद पडलं. तो परत दिला.

आता हँडल. डब्यावर टॉर्कचा आकडा ठसठशीत छापतात आणि हँडलचं चित्र कोपऱ्यात बारीक. माझ्या मते हे उलटं हवं. ऑगर गोट्यात अडकला की त्याचं फिरणं थांबतं आणि मोटरचा सगळा पीळ उलटून आपल्या मनगटात येतो. मुठीचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून साधारण १५ सेंटिमीटरवर असतो. ६५ न्यूटन-मीटर भागिले ०.१५, म्हणजे ४३३ न्यूटन. एका हातावर ४४ किलोचा हिसका, तोही बेसावध असताना. आता दुसऱ्या बाजूला अक्षापासून २५ सेंटिमीटर लांब हँडल धरा. दोन हातांत ४० सेंटिमीटरचं अंतर पडलं. तोच हिसका प्रत्येक हाताला साडेसोळा किलोंच्या आसपास येतो, आणि तेवढा धडधाकट माणूस झेलतो. म्हणून जास्त टॉर्कच्या मागं लागणाऱ्यांनी हँडल आणखी लांब बघावं. १४० न्यूटन-मीटरचं मॉडेल एका हातात धरलं तर हाच हिशेब ९५ किलोंवर जातो. मनगट मोडायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही. बॉशची काही मोठी मॉडेलं झटका ओळखून मोटर थांबवतात, मकिता आणि डिवॉल्टच्याही वरच्या मॉडेलात तशी सोय आहे. पण मधल्या किमतीच्या ड्रिलसोबत कुठं हँडल येतं, कुठं येत नाही, आणि येतं तेही बऱ्याचदा आखूड. शेतकरी तेच मधलं मॉडेल घेतो. सांगलीच्या गणपती पेठेत मी एका दुकानात विचारलं, "हँडल वेगळं मिळेल का, लांब?" दुकानदार म्हणाला, "दादा, भिंतीला भोक पाडायला हँडल कशाला लागतंय?" मी भिंतीसाठी घेतच नव्हतो.

काळ्या रानातलं पहिल्या हंगामाचं काम छान झालं. सगळं वाफशावर, म्हणजे मातीत बेताची ओल असण्यावर, अवलंबून आहे. वाफसा असला की पहिल्या गिअरला ऑगर सरळ खाली उतरतो, दर वितीला वर उचलून माती झाडायची आणि पुन्हा घालायचा. सुक्या, भेगाळलेल्या मातीत तो वरच नाचतो. ओल जास्त असली की स्क्रूसारखा रुतून बसतो आणि वर येत नाही. तेव्हा रिव्हर्सला टाकून हळूच सोडवावा लागतो, आणि इथं चक बघत राहा. बिनचावीचा चक रिव्हर्समध्ये लोडखाली ढिला पडू शकतो, ऑगर मातीत राहतो आणि ड्रिल हातात येतं. भाचा सांगत होता, तिकडं ऑगरवर मोठी तबकडी बसवतात, चक सुटला तरी ऑगर भोकातून तळ्यात जाऊ नये म्हणून. आपला निदान जमिनीतच राहतो. सहा कोनांच्या दांड्याचा ऑगर घ्या, चकाचे तीन जबडे त्याला नीट धरतात. गोल दांडा फिरतो.

ओल्या चिकण मातीत आणखी एक गोष्ट होते, ती कुणी सांगत नाही. ऑगर भोकाची भिंत घासून गुळगुळीत करतो, आणि कोवळी मुळी त्यातून बाहेर न पडता आतल्या आत वळत बसते. म्हणून रोप लावण्याआधी मी खुरप्यानं भिंत ओरखडून घेतो, मग शेणखत आणि माती. ज्या नांग्यांत हे केलं, तिथले डॉगरिज जातीचे खुंट बाकीच्यांपेक्षा लवकर सरसावले.

दुसऱ्या हंगामात ड्रिल जतला मेव्हण्यांच्या डाळिंबाच्या रानात नेलं. तिथं सगळा मुरूम. तोवर झटका ओळखून थांबणारी महागडी मॉडेलं म्हणजे पैशाची नासाडी, असं मी लोकांना सांगत होतो. मुरमातलं काम बघून मत बदललं. तिथं ऑगर दर वितीला अडकतो आणि प्रत्येक वेळी हिसका बसतो. ज्यांचं रान मुरमाड आहे, त्यांनी ते जादा पैसे घालावेत. माझ्यासारख्या काळ्या रानातल्या माणसाला मधलं मॉडेल आणि चांगलं हँडल पुरतं. मुरमात मी एक उपाय केला, तो बऱ्यापैकी चालला. क्लचची (ठराविक जोरानंतर घसरणाऱ्या भागाची) रिंग ड्रिलच्या खुणेवर न ठेवता सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवली. ऑगर अडकला की क्लच कटकट करत घसरतो आणि हाताला कमी लागतं. भोकाला वेळ जास्त लागतो, पण मनगट शाबूत राहतं.

त्याच रानात हँडलचं कडं तडकलं. आवळायचा बोल्ट चांगल्या स्टीलचा, दांड्याला रबर, आणि सगळा भार ज्यावर येतो ते कडं प्लास्टिकचं! कडं तुटताना हँडल हातात राहिलं आणि ड्रिल माझ्या पोटऱ्यांवर येऊन आपटलं. मी सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला बिल, वॉरंटी कार्ड आणि तुटलेलं कडं घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलानं ड्रिल चालू करून बघितलं आणि म्हणाला, "काका, मशीन ओके आहे." मी म्हणालो, "मशीन ओके आहे ते मला माहीत आहे, हँडल तुटलंय." मग तो ॲक्सेसरीचा नियम. मी विचारलं की तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, हँडल लावल्याशिवाय मशीन वापरू नका. मग ते ॲक्सेसरी कसं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. साहेबांना बोलावलं, साहेबांनीही तेच सांगितलं. नवीन हँडल पुण्याहून मागवावं लागेल, किंमत आधी भरा. जी वस्तू नसेल तर मशीन वापरायलाच बंदी आहे, ती वॉरंटीबाहेर ठेवणं ही सरळ लबाडी आहे. मी तसं लेखी दिलं आणि पोच घेतली.

काम मात्र थांबवता येत नव्हतं. कुपवाड एमआयडीसीत ओळखीचे एक टर्नर आहेत. त्यांनी ड्रिलच्या गळ्याचं माप व्हर्नियरनं घेतलं, लोखंडी पट्टीचं दोन तुकड्यांचं कडं केलं, आतून रबराची पट्टी दिली आणि ३० सेंटिमीटरचा पाइप वेल्ड करून दिला. कंपनीच्या हँडलच्या किमतीपेक्षा कमी पैशांत झालं आणि कंपनीच्या हँडलपेक्षा लांब झालं. कडं आवळताना मोटरला हवा जायच्या व्हेंटच्या जाळीवर येणार नाही एवढं बघा, नाहीतर मोटर तापेल.

बॅटरीबद्दल थोडं. डब्यावर २० व्होल्ट मॅक्स बघून फसू नका. आत पाच सेल असतात, ३.६ गुणिले पाच म्हणजे १८, आणि पूर्ण चार्ज असताना २१. म्हणजे १८ आणि २० मॅक्स एकच. ४८, ८८ असले आकडे लिहिलेल्या स्वस्त ड्रिलच्या बॅटरीतले सेल मोजून बघा, आकड्यातली हवा निघते. भाच्याला तिकडं थंडीची अडचण. गारठ्यात बॅटरीचा दम कमी होतो, म्हणून तो ती जाकिटाच्या आत ठेवतो, आणि शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. आपल्याकडे उलट. एप्रिलात खरड छाटणीच्या दिवसांत उन्हात राबलेली बॅटरी चार्जरला लावली की तो चार्जिंग सुरूच करत नाही, ती निवायची वाट बघतो. बिघाड समजून चार्जर बदलायला धावू नका. सावलीत ठेवा, दुसरी बॅटरी वापरा. म्हणूनच एका बॅटरीचा सेट घेऊ नये. खर्च म्हणाल तर ४ अँपिअर-अवर गुणिले १८ व्होल्ट, म्हणजे ७२ वॉट-तास. दहादा चार्ज केली तरी एका युनिटच्या आत-बाहेर. पेट्रोलच्या ऑगरशी याची तुलनाच नको.

मल्चिंग पेपरवर काम करताना आधी गोल कापून घ्या, नाहीतर कागद क्षणात ऑगरला गुंडाळतो आणि अख्खा बेड उघडा पडतो. ठिबकची लॅटरल (नळी) बाजूला सरकवा. बायका काम करत असतील तर पदर कमरेला खोचलेला हवा, गड्यांचा टॉवेल गळ्यात नको. ड्रिलचं बटण सोडलं तरी ऑगर लगेच थांबेलच असं धरून चालू नका.

नव्या बागेची सगळी लागण करायची असेल तर ड्रिल घेऊ नका, ट्रॅक्टरवाल्याला बोलवा. नांग्या, बांबू, कुंपणाच्या लाकडी मेढी आणि परसातली चार झाडं एवढं काम असेल तर ५० ते ७० न्यूटन-मीटरचं ब्रशलेस ड्रिल भरपूर झालं. दुकानात मात्र हँडल बसवून मागा, दोन्ही हातांनी धरून जोरात पिळून बघा. कडं गळ्यावर सरकलं तर ते मॉडेल तिथंच ठेवा.