लिथॉप्स: वर्षभर सांभाळल्यानंतरचा अनुभव

लिथॉप्स, म्हणजे दगडासारखं दिसणारं छोटं रोप, आणून आता वर्ष होत आलं. फुलणं, पानं पालटणं, उन्हाळ्यात सुस्तावणं असं त्याचं पूर्ण चक्र पाहून झालं, म्हणून हे लिहायला बसलो. माझं मत आधीच सांगतो: रोप चिवट आहे, पण पाणी कधी घालायचं हे तुम्ही वार लावून ठरवायचं नाही. ते त्याची पानं ठरवतात.

हे मूळचं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या कोरड्या, खडकाळ भागातलं. उंची जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, दोन गुबगुबीत पानं आणि मधोमध चीर. इंग्रज निसर्ग-अभ्यासक विल्यम बर्चेल यांनी १८११ मध्ये वेगळ्या आकाराचा खडा समजून उचललं, ते हेच. रानात याचं बरंचसं अंग मातीत असतं. पानांच्या माथ्यावर अर्धपारदर्शक खिडक्या असतात, त्यातून ऊन आत उतरतं आणि हिरवा भाग आतल्या आत अन्न तयार करतो.

आता मुख्य मुद्दा, सुरकुत्या. पान सुरकुतलं की हात पाण्याकडे जातो, पण आधी चीर नीट बघा. फुलणं संपल्यावर चीर रुंदावते आणि आत नवी जोडी दिसू लागते, जुन्या जोडीला काटकोनात. तेव्हापासून पाणी पूर्ण बंद. जुनी पानं आपलं सगळं पाणी नव्या पानांना देतात, आधी मऊ पडतात, मग आकसतात आणि शेवटी कागदासारखं पातळ टरफल उरतं. या सुरकुत्या तहानेच्या नसतात. मध्येच पाणी घातलं तर जुनी पानं टुमटुमीत राहतात, नव्यांना जागा मिळत नाही आणि एकावर एक जोड्या साचून रोपाचा आकार बिघडतो. टरफलही ओढून काढू नका, पूर्ण वाळलं की आपोआप सुटतं.

चीर मिटलेली असेल, आत काही दिसत नसेल आणि तरीही पान बोटाला मऊ लागत असेल, तर ती तहान. मग भरपूर पाणी घालावं, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. एक-दोन दिवसांत पान पुन्हा घट्ट होतं. कडक उन्हाळ्यात मात्र हात आखडता घ्यावा. संध्याकाळी सुरकुतलेलं पान सकाळपर्यंत सावरलं तर काही करू नये, नाही सावरलं तर अगदी घोटभर पाणी.

कुंडीत तीन भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा जाड वाळू, एक भाग माती. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मला पटत नाही, ओल फार धरून ठेवतं. सोटमूळ लांब जातं, त्यामुळे उथळ बशीपेक्षा खोल कुंडी बरी. रोज चार-पाच तास ऊन हवंच, कमी पडलं की रोप उंच ताणलं जातं आणि नक्षी फिकटते. नवीन रोपाला मात्र ऊन हळूहळू वाढवत न्यावं, एकदम दिलं तर पान भाजतं आणि तो डाग पुढच्या पालटापर्यंत तसाच राहतो.

फूल चिरेतूनच येतं, माझ्याकडचं पिवळं. दुपारी उमलतं, सांजेला मिटतं, असं काही दिवस चालतं. रोप तीनेक वर्षांचं झाल्याशिवाय सहसा फुलत नाही, म्हणून फुलासाठी घेणार असाल तर मोठं रोप घ्या. बी धरायला एकाच वेळी फुललेली दोन वेगळी रोपं लागतात, स्वतःच्या परागाने ते फळत नाही. त्यासाठी मी दुसरं आणलंय. पुढच्या मोसमात दोन्ही एकदम फुलली तर मऊ ब्रशने पराग फिरवून बघणार आहे.