दहा, शंभर, चारशे : मिनेसोटाच्या ‘झू स्कूल’च्या इमारतीचे परीक्षण

मोठ्या हायस्कूलचे छोटे गट करावेत आणि प्रत्येक गटाला शिक्षकांची स्वतःची तुकडी द्यावी, हा विचार अमेरिकेत १९९०च्या दशकात जोर धरू लागला. १९९६ मध्ये तिथल्या माध्यमिक मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा एका गटासाठी ६०० विद्यार्थ्यांची कमाल मर्यादा सुचवली. पुढे केंद्र सरकारने यासाठी निधीही दिला. पण अनेक शाळांत गट कागदावरच राहिले, कारण इमारत जुनीच होती : लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना वर्ग, दर तासाला घंटा.

मिनेसोटा राज्यातल्या ॲपल व्हॅली शहराची ‘स्कूल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज’ मात्र पहिल्या रेघेपासून या विचारावर आखलेली आहे. १९९५ मध्ये उघडलेली ही शाळा मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे, म्हणून सगळे तिला ‘झू स्कूल’ म्हणतात. शालेय जिल्हा (म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था), प्राणिसंग्रहालय आणि नगरपालिका यांनी मिळून ती उभी केली. आराखडा हॅमेल, ग्रीन अँड अब्राहमसन या संस्थेचा. इथे फक्त अकरावी-बारावीची सुमारे ४०० मुले शिकतात. त्यांची चार ‘हाऊस’ म्हणजे गट, प्रत्येकात साधारण १००. हाऊसमध्ये दहा ‘पॉड’ म्हणजे आडभिंतींनी वेगळे केलेले कोपरे, पॉडमध्ये दहा मुले, आणि प्रत्येक मुलाला स्वतःचे टेबल. मधली जागा हाऊसच्या शंभर जणांना एकत्र बसता येईल अशी. चारही हाऊसना मिळून एक मोठा सभाचौक.

या इमारतीची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्वतःचे टेबल. नेहमीच्या हायस्कूलमध्ये खोली शिक्षकाची असते आणि मुले दप्तर घेऊन दिवसभर फिरतात. इथे जागा मुलाची आहे. अर्धवट राहिलेला तक्ता, मातीचे नमुने, वाचायची पुस्तके दुसऱ्या दिवशी तिथेच सापडतात. दीर्घ प्रकल्पांवर चालणाऱ्या अभ्यासक्रमाला हे नसेल तर प्रकल्प दप्तरात मावेल एवढाच होतो.

‘एवढी चैन परवडते कशी?’ हा प्रश्न पहिला येतो, म्हणून ढोबळ आकडा मांडून पाहू. चार फुटी टेबल आणि खुर्ची मागे ओढायची जागा धरून माणशी २० चौरस फूट, ये-जा धरली की २५ ते ३०. शंभर मुलांचे झाले २,५०० ते ३,०००. मधल्या चौकाला माणशी १० ते १२ प्रमाणे १,००० ते १,२००, शिक्षकांच्या खोलीला २००, एका बंद वर्गखोलीला ५००. बेरीज ४,२०० ते ४,९००. आता नेहमीची पद्धत : २५ मुलांची एक याप्रमाणे ९०० चौरस फुटांच्या चार खोल्या म्हणजे ३,६००, आणि त्यांच्यासमोरचा दहा फुटी पॅसेज ६००, एकूण ४,२००. पॅसेजची जागा शिकायच्या जागेत मिसळली की फरक वाटतो तेवढा राहत नाही. एक गोष्ट मात्र या हिशेबात दिसत नाही : मुले प्रयोगशाळेत किंवा बाहेर तळ्यावर गेली की शंभर टेबले रिकामी पडतात. नेहमीच्या शाळेत तीच खोली दुसरा वर्ग वापरतो.

दुसरे बलस्थान आराखड्यात दिसत नाही, ते वेळापत्रकात आहे. प्रत्येक हाऊसला तीन शिक्षकांचा गट असतो : इंग्रजी, सामाजिक शास्त्रे आणि पर्यावरण विज्ञान. हे तिघे त्याच शंभर मुलांना सलग मोठ्या वेळेच्या पट्ट्यात शिकवतात, आणि तो वेळ कसा वाटायचा ते आपसात ठरवतात. आज शंभर एकत्र, उद्या तीस-तीसचे गट, परवा सगळे बाहेर. हाऊस चालते ते यामुळे. असा आराखडा उचलून ४५ मिनिटांच्या तासिका तशाच ठेवल्या, तर पॉडमधली मुले दर तासाला उठून जातील आणि शाळेच्या हाती एक महागडे दालन तेवढे राहील. म्हणून वास्तुविशारदाकडे जाण्याआधी वेळापत्रक आणि शिक्षकांच्या नेमणुका लिहून तयार हव्यात. हा क्रम उलटला की पुढे काहीच दुरुस्त होत नाही.

आता अडचणी. सगळ्यात मोठी आवाजाची. बंद वर्गासाठी अमेरिकन मानक पार्श्वभूमीचा आवाज जास्तीत जास्त ३५ डेसिबल आणि १०,००० घनफुटांपर्यंतच्या खोलीत आवाज घुमण्याचा काळ जास्तीत जास्त ०.६ सेकंद मागते. खुल्या हाऊसमध्ये एसीचा आवाज कितीही कमी केला तरी शंभर मुलांचे बोलणे उरतेच. १९७०च्या दशकातल्या, वर्गांमध्ये भिंती नसलेल्या खुल्या शाळा मुख्यतः यापायीच पुन्हा भिंती घालून बंद केल्या गेल्या. उपाय थोडे आहेत, पण सगळे एकदम करावे लागतात : छताला आवाज शोषणारी चांगल्या दर्जाची टाइल, खाली कार्पेट, पॉडच्या आडभिंतींना मऊ पृष्ठभाग. आडभिंतीची उंची ४ ते साडेचार फूट ठेवावी. बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो आणि उभ्या शिक्षकाची नजर सगळीकडे फिरते. सहा फूट केली की देखरेख संपते. तीन फूट केली की एकाग्रता. शिवाय दर हाऊसला निदान एक दार लागणारी खोली हवीच. तिथे परीक्षा, फोन, रडू आलेले मूल, सगळे होते.

सरकती भिंत लावून ही खोली वाचवण्याचा मोह टाळावा. भिंत आवाज किती अडवते ते सांगणारा, पत्रकावर लिहिलेला ५० चा ध्वनिरोधक अंक प्रयोगशाळेतला असतो. जागेवर तो सहज पाच-दहाने घसरतो. आवाज भिंतीतून जात नाही, रुळाच्या वर फॉल्स सीलिंग आणि स्लॅब यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून जातो. तिथे स्लॅबपर्यंत जिप्समचा अडथळा उभारला नाही आणि खालची फरशी समपातळीत नसली, तर पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

दुसरी अडचण संख्येची. १००च्या जागी ११५ मुले आली तर पंधरा जणांनी बसायचे कुठे? वर्गात बाक वाढवता येतो, दहाच्या पॉडमध्ये अकरावे टेबल घातले की वाट अडते. नवीन इमारतीत प्रत्येक हाऊसमध्ये एक पॉड सुरुवातीला मोकळा सोडावा.

खेळ आणि इतर उपक्रमांसाठी इथली मुले आपापल्या मूळ हायस्कूलशी जोडलेली राहतात. त्यामुळे मोठ्या क्रीडासंकुलाचा भार या इमारतीवर पडत नाही. नक्कल करणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण स्वतंत्र शाळेला ही सवलत नसते. वॉशिंग्टन राज्यातल्या मेरिसव्हिल गेचेल हायस्कूलने २०१० मध्ये दुसरा मार्ग धरला : साधारण ४०० मुलांच्या चार वेगळ्या इमारती आणि व्यायामशाळा-उपाहारगृहासाठी एक सामाईक इमारत. अशा मांडणीत गटाची ओळख पक्की होते, पण एका गटाच्या मुलाला दुसऱ्या गटातला विषय हवा असेल तर इमारत ओलांडावी लागते आणि वेळापत्रक आवळले जाते. आमच्या मते ४०० पर्यंत एकाच छताखाली झू स्कूलची पद्धत सरस. हजाराच्या वर गेचेलची.

महाराष्ट्रात दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत स्वतःचे टेबल शक्य नाही, आणि सीबीएसईचा किमान ५०० चौरस फुटांचा वर्ग ४० मुलांना माणशी साडेबारा चौरस फूटच देतो. पण हाऊस करता येते. मजल्याच्या टोकाच्या सलग तीन खोल्या घ्याव्यात, म्हणजे इतर वर्गांची वर्दळ त्यातून जात नाही. मधली खोली चौक करावी, दोन बाजूंना दोन तुकड्या, आणि तीन विषयांचे शिक्षक चौकातच बसवावेत. त्यांच्या तासिका सलग लावाव्यात. दोन्ही सत्रांच्या मुलांसाठी वेगवेगळी कुलपाची कपाटे ठेवावीत. मधल्या भिंती पाडण्याआधी इमारत आरसीसी सांगाड्याची आहे की भिंतींवर तोललेली, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे; भारवाहक भिंतीला हात लावायचा नाही.

आणि दारे. पन्नासच्या वर माणसे बसतील अशा जागेला एकमेकांपासून दूर असलेले दोन बाहेर जाणारे मार्ग लागतात. दुसरे दार नेहमी उघडे राहिले की हाऊसचा पॅसेज होतो, कुलूप लावले की आगीत सापळा. आतून दाबताच उघडणारा आडवा दांडा आणि दार उघडले की वाजणारी घंटी बसवली, तर दोन्ही टळते.